पंचविसावा बार

चाप ओढला गेला, 'टक्' असा कोरडा आवाज झाला आणि बार निघालाच नाही. काडतूस नकली होतं. भाचीचं लक्ष मैदानाकडे असताना प्रशिक्षकांनी तिच्या नकळत ते चेंबरमध्ये सरकवलं होतं. नव्या नेमबाजाचं नेमकं कुठे बिनसतंय ते बघायची ही जुनी, खात्रीची रीत. मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते. दारू पेटली नाही, धमाका झाला नाही, खांद्याला कसलाही धक्का बसला नाही. तरीही नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं, उजवा खांदा झटकन पुढे आला, जबडा आवळला गेला आणि चष्म्याआडचे डोळे घट्ट मिटले. केशरी तबकडी आपल्या वाटेनं गेली आणि पलीकडच्या गवतात अखंड उतरली. भाचीनं बंदूक मैदानाकडे रोखलेलीच ठेवली (पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं, ती विसरली नाही), मान तेवढी माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "मावशी, मी डोळे मिटले का गं?"

मिटले होते.

तेव्हापासून ती चार बोटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. मुलीला भीती वाटत नव्हती, हे मी खात्रीनं सांगते. ती हसत होती, प्रत्येक तबकडी सोडायला सांगताना 'पुल' म्हणून खणखणीत ओरडत होती, फुटलेल्या तबकडीच्या काळ्या भुकटीचा ढग पाहून जागच्या जागी उडी मारत होती. पण तिच्या शरीरानं तिला न विचारता एक गोष्ट शिकून घेतली होती: चाप ओढला की दुखतं. आणि शरीर एकदा असं काही शिकलं की ते पुसायला, शिकायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. चांगले, अनुभवी नेमबाज या एका सवयीपायी वर्षानुवर्षं झगडताना मी पाहिलेत. काहींनी तर शेवटी चापाची तऱ्हाच बदलून घेतली, दाबल्यावर नाही तर सोडल्यावर बार काढणारा चाप बसवला, म्हणजे बोटाला आणि मेंदूला नव्यानं सुरुवात करता येईल.

त्या दिवशी प्रशिक्षकांनी तिच्यापुढे मुद्दाम वेगवेगळ्या जातीच्या बंदुका ठेवल्या होत्या. प्रत्येक उचलून बघ, खांद्याला लाव, मग ठरव. तिनं एक जुनी, जड गॅसवाली सेमी-ऑटो (एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) उचलली आणि लगेच खाली ठेवली. मग एकावर एक नळ्यांची दुनळी घेतली, तीही ठेवली. आणि मग १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचं माप; आकडा मोठा तशी नळी अरुंद) एक सडपातळ सेमी-ऑटो हातात आल्याबरोबर तिचा चेहराच उजळला. "हीच. हिचं वजनच लागत नाही." खरंच लागत नव्हतं. पावणेतीन किलोच्या आसपासची ती बंदूक, काळ्या अॅल्युमिनियमच्या बॉडीची, हातात घेतली की आपोआप खांद्याकडे जाते. तिच्यात भरलेली काडतुसं होती नेहमीची, २८ ग्रॅम छर्ऱ्यांची. पहिले काही बार मजेत गेले. मग तिची मान हळूहळू दस्त्यावरून वर यायला लागली. मग ते नकली काडतूस.

हलकी बंदूक हवी, ही मागणी चुकीची आहे असं मात्र मी कधीही म्हणणार नाही. ती खरी गरज असते. सव्वातीन-साडेतीन किलो म्हणजे काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते वजन डाव्या हातावर, छातीच्या पुढे, कोपर अर्धवट वाकवून धरून बघावं. किलोंचा आकडा तिथे कामाचा राहत नाही. ते वजन शरीरापासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं. सडपातळ बांध्याच्या, खांदे अजून भरायचे आहेत अशा कुणालाही जड बंदूक दिली की काय होतं ते मैदानावर लांबूनही दिसतं: माणूस कमरेतून मागे झुकतो. पोट पुढे, खांदे मागे, वजन टाचांवर. पुढची बाजू तोलायला शरीर स्वतःच मागचं वजन बनतं. आणि क्ले नेमबाजीत, म्हणजे उडत्या तबकड्या फोडायच्या या खेळात, उभं राहायचं असतं नेमकं याच्या उलट, पुढच्या पायावर भार टाकून, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतपत पुढे. मागे झुकलेल्या माणसाला बार ढकलतो, पुढच्या बारापर्यंत तो आणखी मागे जातो, आणि फेरी संपेपर्यंत त्याला नेमबाजी नव्हे, तोल सांभाळण्याचा व्यायाम घडलेला असतो. म्हणून भाचीनं ती जड बंदूक पहिल्या झटक्यात खाली ठेवली याचं मला बरंच वाटलं. तिच्या हातांनी खरं तेच सांगितलं होतं.

पण हात सांगतात ते पहिल्या उचलीचं. खांद्याचं म्हणणं ऐकू यायला वेळ लागतो.

या अतिहलक्या बंदुका मुळात कुणासाठी बनल्या ते लक्षात घेतलं की पुष्कळ उलगडा होतो. त्या बनल्या चालणाऱ्यांसाठी. दिवसभर रान तुडवायचं, बंदूक सतत हातात, आणि बार काढायचे ते मोजके, कधी एकही नाही. तिथे प्रत्येक शंभर ग्रॅमला मोल आहे आणि धक्क्याला फारसं नाही. क्लेचं गणित बरोबर उलटं. बंदूक मांडणीतून मैदानातल्या जागेपर्यंत न्यायची, उरलेला वेळ ती टेकवलेली किंवा हातात सैल. पण बार मात्र एका फेरीत पंचवीस, आणि चार फेऱ्या म्हणजे शंभर, सगळे त्याच खांद्याच्या खळग्यात, त्याच गालफडाखाली. वाहायची बंदूक आणि उडवायची बंदूक हे दोन वेगळे प्राणी आहेत. मांडणीतून उचलताना दोन्ही सारख्याच दिसतात, आणि हातात घेतल्यावर वाहायची बंदूकच नेहमी जास्त आवडते.

धक्क्याचा हिशेब तसा सरळ आहे आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. छर्रे, त्यांच्यामागची प्लॅस्टिकची डबी आणि जळालेल्या दारूचा वायू जितक्या जोरानं पुढे जातात, तितकाच जोर बंदुकीला मागे मिळतो. काडतूस तेच ठेवलं तर मागे येणाऱ्या बंदुकीतली ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. साडेतीन किलोच्या जागी २.७ किलोची बंदूक घेतली, की ती ऊर्जा साधारण ३० टक्क्यांनी वाढते. हा भार एका बाराला जाणवत नाही, पाचाला जाणवत नाही. अंगातलं उत्साहाचं पाणी ओसरलं, की पंधराव्या-विसाव्या बाराला तो मोजला जातो. म्हणून नवीन माणसाला मी आता एकच सांगते: जिच्यातून पंचविसावा बारही डोळे उघडे ठेवून निघेल ती बंदूक निवड.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत हे कुणी सांगत नव्हतं. बाईमाणूस मैदानावर आली, की कुणीतरी आपुलकीनंच मांडणीतली सर्वांत छोटी, सर्वांत हलकी बंदूक काढून पुढे करायचं. आपुलकी खरी असायची, म्हणून तर नाही म्हणवत नसे. खांद्याच्या हाडाखाली उमटणारी निळी-जांभळी खूण घेऊन मी घरी जायचे आणि मला वाटायचं की ही या खेळाची फीच आहे. शेजारी धिप्पाड माणसं साडेतीन-पावणेचार किलोच्या बंदुकांनी आरामात उडवत असायची, आणि माझ्याहून दीडपट वजनाच्या त्या माणसांना माझ्याहून कमी धक्का बसत होता, हे उमजायला मला फार दिवस लागले. नाजूक माणसाला सर्वांत जोरात लाथ मारणारी बंदूक द्यायची, हा उफराटा प्रकार आजही चालतो आणि तो बघून आजही माझ्या पोटात तुटतं. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चीनच्या झांग शाननं पुरुषांच्या बरोबरीनं खेळून स्कीटचं (दोन बाजूंच्या मनोऱ्यांतून सुटणाऱ्या तबकड्या फोडायच्या प्रकाराचं) सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या, १९९६च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं, आणि स्त्रियांचं वेगळं स्कीट यायला २००० साल उजाडलं. या खेळात बाईला काय झेपतं याबद्दलची मतं अशी वरचेवर तिच्या आधीच मैदानावर येऊन बसलेली असतात.

हात हलकं मागतो आणि खांदा मऊ मागतो. या दोघांना एकत्र आणण्याची शक्यता सेमी-ऑटोमध्ये सर्वांत जास्त आहे, आणि माझं या बंदुकीवर प्रेम आहे ते त्यामुळेच. पण सगळ्या सेमी-ऑटो एकसारख्या नसतात. अमेरिकन बंदूककार जॉन ब्राउनिंगनं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बनवलेली ऑटो-५ ही पहिली यशस्वी सेमी-ऑटो शॉटगन. तिच्यात बार निघाला की नळी आणि बोल्ट (चेंबरचं मागचं सरकतं दार) एकमेकांना धरून मागे येतात, मग नळी पुढे जाते, मग बोल्ट. खांद्याला एका बारात दोन निरोप मिळतात. १९६३ साली रेमिंग्टन कंपनीची ११०० ही बंदूक आली आणि क्लेच्या मैदानांचं चित्र पालटलं. ही गॅसवर चालणारी. नळीला बारीक भोकं असतात, छर्ऱ्यांमागून येणारा थोडासा वायू त्यांतून खाली उतरतो, दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या बोल्टला मागे नेतो, रिकामं टरफल बाहेर, नवं काडतूस आत. एवढ्या घडामोडीत धक्का नाहीसा होत नाही, निसर्ग तशी सवलत देत नाही. पण तो वेळेत पसरतो. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो तसंच. चेंडू तोच, पण तळहात झोंबत नाही. त्यात ती बंदूक साडेतीन किलोच्या पुढची, त्यामुळे तिच्या मऊपणाची ख्याती झाली यात नवल नाही.

दुसरी जात इनर्शियाची, म्हणजे जडत्वावर चालणारी, इटलीच्या बेनेली कंपनीनं नावारूपाला आणलेली. हिच्यात वायूला वाटच काढून दिलेली नाही. बार निघाला की सगळी बंदूक मागे सरकते, बोल्टचं जड अंग मात्र क्षणभर जागच्या जागी राहू बघतं, त्या दोहोंच्या मध्ये एक आखूड, ताठ स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच उसळून बोल्ट उघडते. काय देखणी कल्पना आहे! दट्ट्या नाही, काजळी नाही, पुढचा लाकडी भाग सडपातळ, वजन कमी. दिवसभर उडवून संध्याकाळी उघडली तरी आत जवळपास स्वच्छ. मला स्वतःला ही यंत्रणा इतकी आवडते की तिच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. पण तिचं चालणंच बंदूक मागे येण्यावर अवलंबून आहे, म्हणजे धक्का खांद्यापर्यंत यायलाच हवा. सर्वांत हलक्या सेमी-ऑटो बहुतेक याच जातीच्या असतात. भाचीला आवडली तीही हीच. गॅसवालीचं म्हणाल तर ती मळते. फेऱ्या झाल्यावर पुढचा भाग काढला की दट्ट्यावर काळी, खरखरीत काजळी बसलेली असते, बोटाला चिकटते, तेलात मिसळली की तिचा कडू जळका वास कपड्यांना दोन दिवस राहतो. नवीन माणसाला हे साफ करायला शिकवावं लागतं आणि तो कंटाळतो. तरी मी सुरुवातीला गॅसवालीच्याच बाजूनं आहे. काजळी कापडानं पुसता येते. आवळलेला खांदा आणि मिटणारे डोळे पुसायला कापड नाही.

मग राहिलं काडतूस, आणि खरं सांगायचं तर सर्वांत स्वस्तात मिळणारा मऊपणा तिथेच आहे. २८ ग्रॅमवरून २४ ग्रॅमवर आलं, वेग तोच ठेवला, की धक्क्याची ऊर्जा सुमारे पाव हिश्शानं घटते. आधीच्या हिशेबाशी जुळवून बघा: २.७ किलोच्या बंदुकीत २४ ग्रॅमचं काडतूस आणि साडेतीन किलोच्या बंदुकीत २८ ग्रॅमचं, ही दोन्ही पारडी जवळपास बरोबरीला येतात. २१ ग्रॅमचं मिळालं तर आणखी सुख. एवढ्याशा छर्ऱ्यांनी तबकडी फुटेल का, ही शंका मला दर वेळी ऐकू येते. ऑलिंपिकमध्ये ट्रॅप (नेमबाजापासून लांब जाणाऱ्या तबकड्यांचा प्रकार) आणि स्कीटला २४ ग्रॅमचीच मर्यादा आहे. जगातले सर्वोत्तम नेमबाज, सगळ्यांत वेगवान तबकड्या, आणि छर्रे २४ ग्रॅम. तबकडी ११० मिलिमीटर रुंदीची आणि १०५ ग्रॅम वजनाची, डांबरासारख्या पदार्थात चुनखडीची भुकटी कालवून ओतलेली. नेम बसला तर थोड्या छर्ऱ्यांनी फुटते आणि नाही बसला तर ३२ ग्रॅमही तिचं काही बिघडवत नाहीत. नवशिक्याच्या हाती ३२ ग्रॅमची काडतुसं देणाऱ्याला मी आता तिथल्या तिथे थांबवते. त्यात संकोच वाटत नाही.

इथे २० बोअरचा विषय येतो, आणि त्याबद्दलचा गैरसमजही. २० बोअर कमी धक्का देते असं सर्रास म्हणतात. बोअर लहान झाल्यानं धक्का कमी होत नाही. छर्रे तेवढेच, वेग तोच, बंदुकीचं वजन तेच, तर धक्काही तोच. २० बोअरच्या बंदुका हलक्या असतात, त्यामुळे भारी काडतूस भरलं तर ती १२ बोअरपेक्षा जोरात मारते. मग मी भाचीसाठी २० बोअरच का सुचवली? कारण सेमी-ऑटोला चालायला ठराविक रेटा लागतो. १२ बोअरच्या कित्येक बंदुका, विशेषतः नव्याकोऱ्या इनर्शियावाल्या, २१ किंवा २४ ग्रॅमच्या मवाळ काडतुसावर अडतात. टरफल अर्धवट बाहेर येऊन दाराशी अडकतं, नवशिक्या गोंधळतो, त्याचं सगळं लक्ष तबकडीवरून बंदुकीवर जातं. २० बोअरची बंदूक मात्र २४-२५ ग्रॅम हेच आपलं रोजचं जेवण धरून बांधलेली असते, आणि तिची बॉडी मुळातच आटोपशीर, त्यामुळे पातळ करून, खरवडून हलकी केलेली नसते. गॅसवर चालणारी, २.८ ते ३ किलोच्या दरम्यानची, २० बोअर. सर्वांत हलकी नाही, सर्वांत मऊ नाही. पण हात आणि खांदा दोघंही तक्रार न करता जिच्याबरोबर फेरी पूर्ण करतात अशी.

२० बोअर घरात येणार असेल तर एका गोष्टीपुढे बाकी सगळं गौण आहे. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत गेलं तर ते चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. वरून बघितलं तर चेंबर रिकामं. त्यावर १२ बोअरचं काडतूस भरून चाप ओढला, की नळी फाटते, आणि पुढचा हात नेमका तिथेच असतो. म्हणून २० बोअरची काडतुसं पिवळी करण्याचा रिवाज पडला. माझी बंदूक १२ बोअरची आहे. भाचीबरोबर जायचं ठरलं त्या रात्री मी जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून झटकले, शिवणीत बोटं घालून पाहिली, आणि तिची काडतुसं तिच्या कमरेच्या पिशवीतच राहतील, माझ्या खिशात कधीच येणार नाहीत, असं दोघींनी ठरवलं.

सेमी-ऑटोबद्दलची माझी दुसरी धास्तीही इथेच सांगते. दुनळी मोडून हातावर घेतली की मैदानाच्या पलीकडून कुणालाही दिसतं की ती रिकामी आहे. दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार येतो. सेमी-ऑटो तसं काही सांगत नाही. बोल्ट मागे अडकवून, चेंबरमध्ये रंगीत फीत घालून तिला सांगायला लावावं लागतं. शिवाय पहिला बार निघाल्याबरोबर दुसरं काडतूस आपोआप आत गेलेलं असतं, आणि पहिली तबकडी फुटल्याच्या आनंदात मागे वळणं ही अगदी माणसाची गोष्ट आहे. म्हणून नवशिक्यानं कितीतरी दिवस एकच काडतूस भरायचं. एक बार, बोल्ट मागे, चेंबर बघायचं, मग दुसरं. सेमी-ऑटो घेऊन ती एकबारीसारखी वापरायची यात काही लोकांना विसंगती वाटते. मला वाटत नाही. ही यंत्रणा मला दुसऱ्या बारासाठी नकोच आहे, पहिल्या बाराच्या मऊपणासाठी हवी आहे.

अतिहलक्या बंदुकीची आणखी एक खोड आहे, आणि ती खांद्याशी नव्हे, तबकडीशी संबंधित आहे. स्कीटच्या मधल्या जागेवरून आडवी जाणारी तबकडी वीसेक मीटरवर असते. छर्ऱ्यांना तिथवर पोचायला सेकंदाचा सहा-सात शतांश भाग लागतो. तेवढ्यात तबकडी मीटरभर पुढे निघून जाते. म्हणजे नळी तिच्या पुढे धरायची आणि मुख्य म्हणजे चाप ओढतानाही चालत ठेवायची. हलकी बंदूक सुरू चटकन होते आणि थांबतेही चटकन. चाप ओढण्याच्या क्षणी हात थबकला की नळी थबकते आणि छर्रे तबकडीच्या मागून जातात. नवशिक्यांच्या हुकलेल्या बारांपैकी पुष्कळसे असे मागून गेलेले असतात. थोडं वजन पुढे असलं की नळी आपल्या गतीनं वाहत राहते, चुकलेल्या हाताला सांभाळून घेते. म्हणूनच २० बोअरला मी २८ इंची नळी म्हणते आणि भाची २६ इंची म्हणते. तिचा हात लांब नाही, हे मला दिसतं. पण वजन नंतर वाढवता येतं, मॅगझिनच्या टोपणात चकती बसवून. नळी वाढवता येत नाही. यावर आमचं अजून एकमत नाही.

मात्र या सगळ्याच्या आधी दस्ता अंगाला बसायला हवा, आणि वजनाच्या चर्चेत नेमकं हेच मागे पडतं. शॉटगनला मागचा नेम नसतो. आपला डोळाच तो नेम. गाल दस्त्यावर जिथे टेकेल तिथे डोळा, आणि डोळा असेल तिथे छर्रे. दस्ता लांब असेल तर तो काखेत अडकतो आणि खळग्याऐवजी दंडावर बसतो. आखूड असेल तर बाराबरोबर अंगठा नाकावर येतो. चुकीच्या जागी बसलेली मऊ बंदूकही दुखवते, आणि बरोबर बसलेली हलकी बंदूक तुलनेनं सुसह्य होते. बहुतेक सेमी-ऑटोंबरोबर दस्ता आणि बॉडीच्या मध्ये घालायच्या पातळ चकत्यांचा संच येतो; त्या बदलून दस्त्याची उतरण आणि कल बदलता येतो. ही सोय दुनळीत सहसा नसते. भाचीचा कोणता डोळा जास्त बळकट तेही आधीच बघून घेतलं: दोन्ही तळहातांच्या छोट्या झरोक्यातून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. उजवा निघाला, आणि ती उजव्या खांद्यावरून उडवते, त्यामुळे त्या कटकटीतून सुटलो. डावखुरी असती, तर टरफलं चेहऱ्यासमोरून उडणार नाहीत अशी डाव्या बाजूची बंदूक शोधावी लागली असती.

गेल्या वेळी प्रशिक्षकांची २० बोअर घेऊन आम्ही पोलादी पत्र्यापुढे उभ्या राहिलो. पत्र्यावर पांढरा रंग, मध्ये एक काळा ठिपका, अंतर साधारण १५ मीटर. नेम धरायचा नाही, फक्त ठिपक्याकडे बघत बंदूक खांद्याला लावायची आणि सोडायची, पुन्हा पुन्हा, म्हणजे बंदूक तिच्याकडून कुठे बघते ते कळतं. छर्ऱ्यांच्या करड्या ठशांचा मध्य ठिपक्याच्या चांगला वीतभर वर आणि किंचित डावीकडे येत होता. या अंतरावर एक इंच खाली आणायचं तर गाल टेकतो ती दस्त्याची कड साधारण दीड मिलिमीटर उतरवावी लागते. वर चढणाऱ्या तबकडीसाठी ठसा थोडा वर असलेला चालतो, म्हणून सगळी वीत खाली आणली नाही, एका चकतीचा फरक केला. पुढचे ठसे तीन-चार बोटं खाली आले. डावीकडचा कल प्रशिक्षकांनी तसाच राहू दिला. तिचा गाल अजून दर बाराला वेगळ्या जागी टेकतोय, तो एका जागी स्थिरावेपर्यंत कल बदलण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले आणि मला ते पटलं. लांबीसाठी मात्र मागची रबरी गादी काढून एक पातळ बसवली. भाचीला तीही अजून अर्धं बोट आखूड हवी आहे. पुढच्या खेपेला तिच्या जाड जाकिटावर घालून बघायचं, पातळ कपड्यांवर घालून बघायचं, मग ठरवायचं.